शुक्रवारचे केस

आईच्या काळ्या स्वेटरच्या खांद्यावर पांढरं काहीतरी पडलेलं मला चर्चमध्ये दिसलं. सगळे प्रार्थनेला उभे होते. मी हात पुढे करून ते झटकलं. कोंडा असेल असं वाटलं होतं, पण बोटांना ते पिठासारखं लागलं, गुळगुळीत आणि फार बारीक. मी पुन्हा हात वर नेला, या वेळी केसांकडे.

"डोक्याला हात लावू नकोस," आई समोर बघत पुटपुटली. "शुक्रवारचे केस आहेत."

मिनेसोटातल्या आमच्या गावात आईच्या वयाच्या बायका स्वतःचे केस स्वतः धूत नाहीत. दर शुक्रवारी केसवाली ते धुते, रोलर लावून वाळवते, फुगवून बसवते आणि वर भरपूर फवारा मारते. मग पुढच्या शुक्रवारपर्यंत त्या केसांना पाणी लागत नाही, कुणाचा हातही लागत नाही. झोपायला सॅटिनची उशी असते, पावसात प्लास्टिकचा रुमाल. आईने साठ वर्षं हेच केलं. माझा जन्म गुरुवारी झाला आणि त्यामुळे एक शुक्रवार बुडाला, ही तक्रार ती अजूनही करते.

दोन वर्षांपूर्वी ती वृद्धनिवासात राहायला गेली, तेव्हा तिने एकच चौकशी केली होती: तिथे शुक्रवारी ट्रूडी येते का? ट्रूडी ही तिची जुनी केसवाली. ती येते असं कळल्यावर आईने घर विकायला काढलं.

प्रार्थनेहून परत तिच्या खोलीत आलो. तिने थंडीसाठी बांधलेला रुमाल सोडला तेव्हा मला वास आला. वर स्वस्त अत्तराचा गोड वास, आणि त्याखाली दुसरा, बंद डब्यात राहिलेल्या जुन्या पिठाचा. मी डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते. टँकरमधून आलेलं दूध चांगलंच असणार असं धरून मी कधी सुरुवात करत नाही, आणि नाकाने सांगितलेलं तपासल्याशिवाय सोडत नाही.

"खाली बस," मी म्हटलं. "मला बघू दे."

"काय बघायचंय? म्हातारीचं डोकं आहे."

"आई, बस."

ती बसली, पण वॉकरचा दांडा सोडला नाही. मी कंगव्याच्या टोकाने भांग पाडला. खाली त्वचा दिसायला हवी होती. दिसला पिवळट पांढरा थर, वाळलेल्या लापशीसारखा. एका कडेने तो सुटला होता आणि त्याखाली लाल पुळ्या होत्या. टाळूजवळ केस इतके विरळ झाले होते की वरचा फुगवटा उचलल्याशिवाय ते कुणाच्या लक्षात येऊ नये. कंगवा बाहेर काढला तर त्यात केसांचा पुंजका आला. मी ओढलं नव्हतं.

"केस कोण धुतं तुझे?"

"मंगळवारी आंघोळ असते. जोलीन घालते."

"आंघोळ नाही विचारली. केस."

"जोलीन घालते म्हटलं ना." तिने रुमाल परत डोक्यावर घेतला. खिडकीबाहेर बर्फाचे ढीग वितळून काळे पडले होते, तिकडे बघत ती म्हणाली, "घाईत असते बिचारी."

हे शेवटचं वाक्य मी घरी घेऊन गेले. रागाने म्हटलं असतं तर मी इतका विचार केला नसता.

जोलीन शाळेत माझ्या वर्गात होती. माझ्या मागच्या बाकावर बसायची आणि माझ्या खांद्यावरून बघून उत्तरं लिहायची. एकदा माझी चूकही तिने जशीच्या तशी उतरवली होती आणि वर मलाच म्हणाली होती, "नीट करत जा गं, माझे मार्क जातात." निवासात ती मदतनीस म्हणून कितीतरी वर्षं आहे. म्हाताऱ्यांना ती आवडते. मला ती कधी फारशी आवडली नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

स्वेटरवर उरलेली पूड मी खोलीतून निघताना कागदाच्या घडीत घेतली होती. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत काचपट्टीवर थोडी घेऊन आयोडिनचा थेंब टाकला. थेंब निळाकाळा झाला. म्हणजे स्टार्च. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक, कोनाकोनाचे कण दिसले, तांदळाच्या पिठाचे असतात तसे, आणि त्यांच्यामध्ये त्वचेचे मेलेले पापुद्रे. डोक्यावर तांदळाचं पीठ कशातून येतं हे कळायला फार विचार करावा लागत नाही. कोरडा शाम्पू. डबा हलवायचा, फवारायचा, विंचरायचं. आंघोळ घालायला वेळ नसलेल्या माणसासाठी याहून सोयीचं काही नाही.

त्याच दुपारी आईला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होती आणि तिचे केस वर कसेतरी गुंडाळलेले होते. तिने दिवा जवळ ओढून बराच वेळ बघितलं.

"ड्राय शाम्पू वापरता?"

आई भिंतीवरचं त्वचेचं चित्र बघत होती.

"तो इतका वाईट असतो का?" मी विचारलं.

"मी स्वतः वापरते. आजही मारलाय." डॉक्टर हसली. "एखाद्या दिवशी मारला, दुसऱ्या दिवशी डोकं धुतलं, तर बहुतेकांना काही होत नाही. पण लोक त्याला शाम्पू समजतात. तो शाम्पू नाही. त्यातलं पीठ तेल शोषून घेतं, एवढंच. मळ तिथेच राहतो. त्यावर परत तेल, परत पीठ. केसांची मुळं त्याखाली कोंडतात, सुजतात, खाज सुटते, केस गळतात." तिने दिवा बाजूला केला. "या डोक्याला किती दिवसांत पाणी लागलं नाही ते मला सांगता येणार नाही. पण आठवडे नाहीत हे. महिने असावेत."

"केस परत येतील?"

"बरेचसे यावेत. धुतले तर." तिने औषधी शाम्पूची बाटली लिहून दिली. "सुरुवातीला एक दिवसाआड. आणि तो डबा जो कुणी वापरतंय त्याच्या हातातून काढून घ्या."

परतताना आईने गाडीतला आरसा खाली करून फुगवटा बघून घेतला. गावाची पाण्याची टाकी दिसायला लागल्यावर म्हणाली, "त्या डॉक्टरचे स्वतःचे केस बघितलेस? गोठ्यातून उठून आल्यासारखे. आणि ही मला शिकवणार."

"आज संध्याकाळी मीच धुते."

"शुक्रवारी ट्रूडी लावेल ते औषध. मधेच ओले केले तर चार दिवस मी पत्त्यांच्या टेबलावर काय तोंड घेऊन बसू?"

मी बाटली तिच्या टेबलावर ठेवली. तिने ती उचलून कपाटात ठेवली आणि कपाटाचं दार लावलं.

मंगळवारी मी कुणाला न सांगता गेले. न्हाणीघराच्या बाहेर जोलीनची सामानाची ढकलगाडी उभी होती, टॉवेल, साबण, मोजे. गाडीच्या हुकाला तिची पिशवी लटकत होती आणि पिशवीतून एका डब्याचं गुलाबी टोपण वर आलं होतं. मी टोपणाला बोट लावून डबा थोडा वर उचलला. ड्राय शाम्पू. निम्म्याहून जास्त संपलेला.

तेवढ्यात दार उघडलं. आई वॉकर ढकलत बाहेर आली. गाल गुलाबी, अंगाला साबणाचा वास आणि केस जसेच्या तसे. शुक्रवारचा फुगवटा, कोरडा ठणठणीत. मला बघून ती थबकली, मग खोलीकडे निघाली. नेहमीपेक्षा भरभर.

मागून जोलीन आली, हातात ओली प्लास्टिकची टोपी.

"अगं मार्लिस! आज दुधाला सुट्टी?"

"हे काय आहे?" मी डबा दाखवला.

"माझ्या पिशवीत हात घातलास?"

"हे काय आहे?"

"वाचता येतं ना तुला? वर्गात पहिली यायचीस." तिने डबा माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या डोक्यावर हात फिरवला. "दोन-दोन पाळ्या करते मी. नवऱ्याची पाठ गेल्यापासून तो पलंगावर. घरी जाऊन त्याचं करायचं की केस धूत बसायचं? हा डबा नसता तर तुम्ही सगळ्यांनी मला भूत समजून गोळी घातली असती."

"आईचे केस तू का धूत नाहीस?"

"शुक्रवारवाल्या बायकांचे केस आम्ही ओले करत नाही." तिने टोपी झटकली. "टोपी घालायची, मानेपासून खाली धुवायचं. केस ट्रूडी बघते. पहिल्याच आठवड्यात तुझ्या आईने मला बजावलं होतं, एक थेंब जरी लागला तर बघ. व्हर्ना चावते, माहितेय ना?"

"आई म्हणते तू धुतेस."

जोलीनचा चेहरा बदलला. हसू तोंडावरच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "तसं म्हणाली?"

"डॉक्टर म्हणते तिच्या डोक्याला महिनोन्‌महिने पाणी लागलेलं नाही."

"मग ट्रूडीला विचार."

"मी तुला विचारतेय."

"आणि मी सांगितलं." तिने गाडी पुढे ढकलली. "बशी धुतली की नाही हे वास घेऊन बघणारी तू. आता माझाही वास घे. धुतलेली नाहीये मी."

मी खोलीत जाऊन आईला पुन्हा विचारलं. आई विणत होती. "मला काय माहीत ती काय सांगते? माझ्या मागे उभी राहून काय करते ते मला दिसतं का?" एक टाका सुटला, तो तिने सुईने शोधला. "कुणाचं वाईट करायचं नाही मला."

मी व्यवस्थापिकेकडे गेले. रोझान वयाने माझ्यापेक्षा लहान आहे, कपाळावर कायम आठी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पेन बाजूला ठेवलं.

"मागच्या वर्षी जोलीनबद्दल एक तक्रार आली होती. आंघोळ चुकवली म्हणून. दुसरी लेखी आली तर मला तिला ठेवता येणार नाही, मार्लिस. तू लिहून देतेस?"

मला ठाऊक होतं की जोलीनच्या नवऱ्याच्या, डेलच्या, औषधांचा विमा तिच्या नोकरीवर चालतो. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण माझ्याकडे स्टार्च होता, डबा होता, डॉक्टरचं मत होतं आणि आईचं बोलणं होतं. चारही एकाच दिशेला बोट दाखवत होते. मी लिहून दिलं. रोझानने जोलीनला त्याच दुपारी घरी पाठवलं. निर्णय शुक्रवारी संध्याकाळी, कार्यालय बंद व्हायच्या आत.

शुक्रवारी जेवणानंतर मी तळमजल्यावरच्या केसांच्या खोलीत गेले. ट्रूडीने औषध नीट लावलं की नाही, एवढंच बघायचं होतं. आई अजून कॉफी पीत होती, म्हणून तिच्या कपाटातून बाटली मीच काढून घेतली. ट्रूडी एका बाईला ड्रायरखाली बसवून बेसिन पुसत होती. सत्तरी कधीच उलटलेली, हातांना सांधेदुखी, पण ओठांना लिपस्टिक.

"व्हर्ना यायचीय अजून," ती म्हणाली. "बस. बिस्किट घे."

मी बाटली बेसिनच्या कडेवर ठेवली. "आज हा लावायचा. डॉक्टरने दिलाय. चांगला चोळून, पाच मिनिटं ठेवून धुवायचा."

ट्रूडीने चष्मा वर करून बाटली वाचली, मग माझ्याकडे बघितलं. "मी? इथे?"

"मग कुठे?"

"अगं, पण तूच मना केलंस ना?"

मला समजलं नाही. "काय मना केलं?"

"बेसिन. व्हर्नाला मान मागे टाकू द्यायची नाही म्हणून. शरद ऋतूत, शेंदरी भोपळे आले होते तेव्हा." ट्रूडी पुसायचं थांबली. "व्हर्ना म्हणाली, मार्लिसने सांगितलंय, मानेच्या शिरेला धोका असतो. केस मंगळवारी जोलीन धुते, तू फक्त बसवून दे. मी म्हटलं, पोरगी विज्ञानातली आहे, तिला माहीत असणार. तेव्हापासून मी कोरडेच बसवते. कोरडा शाम्पू तिच्याच पिशवीतला, आणि डोक्यावरच्या थराला ती फवाऱ्याचाच थर म्हणायची. बुधवारी निवासाची गाडी दुकानात जाते ना, तेव्हा आणते ती."

"मी असं काहीच सांगितलेलं नाही, ट्रूडी."

ड्रायरखालच्या बाईने मासिकातून डोकं वर काढलं. ट्रूडीने हातातलं फडकं हळूहळू घडी करून ठेवलं.

"चाळीस वर्षं मी तिचे केस धुतेय," ती म्हणाली. "तिने मला कधी काही... नाही, असं कसं?"

दारात वॉकर वाजला. आई उभी होती. तिने मला बघितलं, ट्रूडीला बघितलं, मग बेसिनच्या कडेवरची बाटली. कुणी काही बोलायच्या आत तिने वॉकर वळवला आणि आली तशी परत निघाली.

मी खोलीत पोचले तेव्हा ती पलंगाच्या कडेवर बसली होती. पिशवी मांडीवर. मी पिशवी घेतली, तिने घेऊ दिली. आत दोन डबे होते, एक रिकामा.

"मी काय विचारणार ते तुला माहीत आहे," मी म्हटलं.

"मग विचारू नकोस."

"जोलीनला आज काढून टाकतील."

"जोलीन दणकट आहे. तिला कुठेही काम मिळेल."

"आई, तिने काही केलेलं नाही."

"मीही काही केलेलं नाही!" तिचा आवाज चढला, मग लगेच खाली आला, भिंतीपलीकडे ऐकू जाईल म्हणून. बराच वेळ ती चादरीची शिवण बोटाने सपाट करत राहिली. "ट्रूडीने माझी मान मागे टाकली, बेसिनच्या खाचेत. नेहमीसारखीच. आणि छत फिरायला लागलं. मला वाटलं मी खुर्चीसकट पडतेय. मी तिचा हात इतका घट्ट धरला की तिला वळ उठला. तिला सांगितलं, पायात गोळा आला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच रोझानकडे गेली असतीस. गेली असतीस की नाही?"

मी रिकामा डबा कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

"चक्कर येते म्हटलं की तपासणी. तपासणी झाली की पलीकडची बाजू." तिने दाराकडे मान हलवली. कॉरिडॉरच्या टोकाला कुलूपबंद दरवाजा आहे, त्यापलीकडे ज्यांना सतत बघावं लागतं ती माणसं. "आयनेझला नेलं तशी. एकदा पडली, एकदाच. आता तिला जेवताना गळ्यात रुमाल बांधतात. पत्ते खेळायची, मार्लिस. माझ्याशी लबाडी करून जिंकायची. मी भेटायला गेले तर मला म्हणाली, तुम्ही नवीन का?"

"आणि म्हणून तू जोलीनचं नाव घेतलंस."

"मी नाव नाही घेतलं. तू विचारलंस कोण, मी म्हटलं मंगळवारी आंघोळ असते. बाकी तुझं तू जोडलंस."

हे खरं होतं. मी तिच्याकडे बघत राहिले. ती माझी नजर चुकवत नव्हती, आणि मला तिची लाज वाटण्याऐवजी भीती वाटली. माझ्याकडे पुरावे होते. प्रत्येक पुरावा खरा होता. आणि ते मांडणाऱ्या माझ्या डोक्याचा तिला पूर्ण अंदाज होता.

"मला जाऊन सांगावं लागेल," मी म्हटलं.

"माहितेय."

"सगळं."

"माहितेय म्हटलं ना." ती उठली आणि वॉकर पकडला. "पण आधी केस धू. असलं डोकं घेऊन मी कुणासमोर तपासायला बसणार नाही."

तिच्या खोलीतल्या बेसिनसमोर खुर्ची ओढली. मागे नाही, पुढे वाकवायचं ठरवलं. कपाळाला टॉवेलची घडी लावली, त्याखाली माझा तळहात. "डोळे उघडे ठेव. नळाकडे बघ."

"फिरतंय."

"थांबू?"

"नको. कर."

पाणी पडलं आणि फुगवटा बसला. तो इतका लगेच बसेल असं मला वाटलं नव्हतं. खाली छोटंसं, थरथरणारं डोकं उरलं. बेसिनमध्ये पांढरं पाणी जायला लागलं, तांदूळ धुतल्यावर निघतं तसं. थर मऊ होऊन बोटांखाली सुटत होता. मी नखं लावली नाहीत. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा धुतलं तेव्हा पाणी स्वच्छ जायला लागलं.

"बरं वाटतंय," ती बेसिनमध्ये म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुझे हात थंड आहेत. लहानपणापासून."

नंतर ती ट्रूडीकडे जायचंच म्हणून हटून बसली. ट्रूडीने रोलर लावले, जरा जास्तच घट्ट. आई ड्रायरखाली बसली आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. कार्यालय बंद व्हायची वेळ जवळ येत होती. ट्रूडीने रोलर काढायला सुरुवात केली तर आई म्हणाली, "मागचे अजून ओले आहेत." ट्रूडीने हात लावून बघितला. "कोरडे आहेत." "ओले आहेत," आई म्हणाली. मला शंका आली की ती वेळ काढते आहे. रोझान घरी जाईल, जोलीन गेलेली असेल, मग सोमवारपर्यंत विषय थंड. मी उठले.

"मी जाते. तू ये मागून."

"तू एकटी सांगू नकोस," ड्रायरखालून आई म्हणाली. "तू नेहमी जास्त सांगतेस. ट्रूडी, काढ ते."

कार्यालयात रोझानने कोट घातला होता. समोरच्या खुर्चीत जोलीन बसली होती, तिचाही कोट अंगावर, मांडीवर कुलपाच्या कपाटातलं सामान भरलेली पिशवी. आम्हाला बघून ती उठून उभी राहिली, तोंड भिंतीकडे.

आई वॉकर घेऊन मध्यभागी आली. केस फुगवलेले, वर फवारा नव्हता, त्यामुळे कडेचे दोन-चार सुटे होते.

"या पोरीने काही केलं नाही," ती म्हणाली. "आंघोळीला ती माझ्या केसांवर टोपी चढवायची, कारण मी सांगितलं होतं."

"पण तक्रारीत तर..." रोझानने माझ्याकडे बघितलं.

"तक्रार मार्लिसची. तिला जे कळलं ते तिने लिहिलं. ट्रूडीला मी खोटं सांगितलं. हिलाही."

"का पण, व्हर्ना?"

आई थांबली. तिने माझ्याकडे वळून बघितलं. उत्तर मला माहीत होतं, दोन शब्दांचं. मी बोलले असते तर तिला बोलावं लागलं नसतं, आणि ती मला आयुष्यभर ऐकवू शकली असती की सांगितलं ते मी. मी तोंड बंद ठेवलं. तिने आणखी काही खोटं शोधलं तर मी काय करणार, हे मला ठाऊक नव्हतं.

"व्हर्ना," जोलीन भिंतीकडेच बघत म्हणाली, "माझे पाय दुखतायत. सांगायचं असेल तर सांगून टाक."

"मान मागे टाकली की चक्कर येते," आई म्हणाली. "शरद ऋतूपासून. मी लपवलं."

रोझान खाली बसली. तिने कोटाची एक बाही काढली, दुसरी तशीच राहिली. "मला नर्सला बोलवावं लागेल. आत्ता."

"बोलव."

"कदाचित कानाच्या आतला दोष असेल. आतल्या कानात बारीक खडे असतात, ते सरकले की असं होतं, डोकं ठराविक पद्धतीने फिरवून बरं करतात. तसं असेल तर तुम्ही इथेच राहाल. दुसरं काही असेल तर मला खोटं लिहिता येणार नाही."

"कानात खडे असतात?" आईने संशयाने विचारलं. "मग हे आजवर मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू कुणाला विचारलंस?" जोलीन म्हणाली.

रोझानने जोलीनला सोमवारी कामावर यायला सांगितलं. जोलीन बाहेर पडली तशी मी तिच्यामागे गेले. कॉरिडॉरमध्ये मी तिचं नाव घेतलं. ती थांबली, पण वळली नाही.

"मी चुकले," मी म्हटलं.

"तू विचारलंस, मी सांगितलं. ट्रूडीला विचार म्हणाले. ती याच गावात होती, मार्लिस. एक फोन करायचा होता फक्त." तिने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "तीन रात्री डेलला मी सांगितलं नाही. आंघोळीचं रोझानला सांग, तुझ्या आईसाठी दुसरी कुणी बघा. मला तिचा राग नाही. पण तू दारात येऊन उभी राहिलीस की मला हात धुतले की नाही ते आठवत बसावं लागेल."

ती गेली. मी परत आले तेव्हा नर्सने आईला तपासणीच्या पलंगावर आडवं केलं होतं. डोकं एका बाजूला वळवून पलंगाच्या कडेबाहेर खाली झुकवलेलं, नर्सच्या दोन्ही हातांत. ट्रूडीने दोन तास घालवून बसवलेले केस तिच्या बोटांमध्ये दबले होते. आईचे डोळे उघडे होते आणि बुबुळं झटके देत एका बाजूला पळत होती, परत येत होती, पुन्हा पळत होती. आईने हवेत हात पसरला. मी तो धरला.

नर्स डोळ्यांकडे बघत होती, मनात काहीतरी मोजत. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. हे कानाचं, की दुसरं काही? मी विचारायला तोंड उघडलं.

"हिला आधी सांगू नका," आई उलटी लटकलेली असतानाच म्हणाली. तिने माझा हात मात्र सोडला नव्हता. "काय असेल ते मला सांगा. मग मी बघते हिला किती सांगायचं ते."